ओपन-व्हील शर्यतींच्या हंगामाचं आदर्श कॅलेंडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलेंडर आखणं म्हणजे तारखा वाटणंच ना? त्यात एवढं डोकं काय लावायचं?

तारखा वाटणं हे अगदी शेवटचं काम. त्याआधी चार गोष्टींचा मेळ घालावा लागतो: त्या जागी त्या महिन्यात हवा कशी असते, आधीच्या जागेवरून सामान आणि माणसं तिथे कशी पोचणार, प्रेक्षक त्या वेळी जागे असतील का, आणि त्या शर्यतीला हंगामाच्या गोष्टीत नेमकं कोणतं स्थान आहे. यातलं एक जरी चुकलं तरी उत्तम सर्किटवर रटाळ किंवा धोकादायक शर्यत होते. ओपन-व्हील म्हणजे चाकं अंगाबाहेर उघडी असलेल्या गाड्या. इथली बहुतेक उदाहरणं फॉर्म्युला वनची आहेत, कारण जगभर फिरणारी ही सगळ्यात मोठी मालिका. इंडीकार या अमेरिकेतल्या मालिकेचे प्रश्न थोडे वेगळे आहेत, त्यांचाही उल्लेख येईल.

हंगामात शर्यती किती असाव्यात?

माझं उत्तर वीस. 1950 साली पहिल्या जागतिक स्पर्धेत सात शर्यती होत्या, त्यातली एक अमेरिकेतली इंडियानापोलिस 500, म्हणजेच इंडी 500. 2024 मध्ये हा आकडा 24 वर गेला. त्या वर्षीचा हंगाम 2 मार्चला बहारीनमध्ये सुरू होऊन 8 डिसेंबरला अबू धाबीत संपला.

शर्यती वाढल्या की चाहत्याला जास्त मिळतं, असं वरवर वाटतं. पण प्रत्येक शर्यतीचं वजन तेवढंच घटतं. सात शर्यतींच्या हंगामात एक इंजिन फुटलं की विजेतेपद हातचं जायचं. चोवीस शर्यतींत तो एक वाईट रविवार असतो आणि पुढच्या आठवड्यात विसरला जातो. शिवाय मेकॅनिक, इंजिनियर, टायरवाले, कॅमेरावाले ही तीच माणसं चोवीस वेळा घर सोडतात. चालक रविवारी रात्री विमानात बसतो; मेकॅनिक त्यानंतर कितीतरी तास पेट्या भरत असतो. वीस शर्यतींत सर्व प्रकारची सर्किट बसतात, चारही दिशांचे प्रेक्षक सामावतात आणि मध्ये श्वास घ्यायला जागा उरते.

आखणीची सुरुवात कुठून करावी?

हवामानापासून. पैशाचे करार बदलता येतात, पावसाळा बदलता येत नाही.

सुझुकाचंच पाहा. जगातल्या सर्वोत्तम सर्किटांपैकी हे एक, पण वर्षानुवर्षं तिथली शर्यत सप्टेंबर-ऑक्टोबरात व्हायची आणि तो जपानमध्ये वादळांचा मोसम. 2004 आणि 2019 मध्ये वादळामुळे शनिवारचा सगळा कार्यक्रम रद्द करून क्वालिफाइंग (शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणारी फेरी) रविवारी सकाळी घ्यावं लागलं. 2014 मध्ये ओल्या ट्रॅकवर ज्यूल्स बियांकीची गाडी तिथे आधीच घसरलेली दुसरी गाडी उचलणाऱ्या क्रेनवर आदळली, आणि पुढच्या वर्षी जुलैत तो गेला. अपघाताची कारणं अनेक होती, सगळा दोष तारखेवर टाकणं बरोबर नाही. पण त्या आठवड्यात वादळ जवळ येतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. 2022 मध्ये पुन्हा तेच: पाऊस, रेड फ्लॅग दाखवून लांबलेला थांबा, आणि 53 पैकी 28 लॅपची (फेऱ्यांची) शर्यत. अखेर 2024 पासून सुझुका एप्रिलच्या आसपास आलं. हा बदल वीस वर्षं आधी व्हायला हवा होता.

उन्हाचीही तीच गत. 1984 मध्ये डॅलसला जुलैत शर्यत ठेवली. उकाडा टाळायला ती सकाळी अकराला सुरू केली, तरी डांबर उखडलं आणि शेवटी बंद पडलेली गाडी रेषेपर्यंत ढकलता ढकलता नायजेल मॅन्सेल कोसळला. जवळपास चाळीस वर्षांनी, 8 ऑक्टोबर 2023 ला, कतारमध्ये रात्रीची शर्यत असूनही लोगन सार्जंटला तब्येतीमुळे गाडी थांबवावी लागली आणि एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. पुढच्या वर्षी कतारची शर्यत डिसेंबरच्या पहिल्या दिवशी झाली आणि उष्णतेचा हा प्रश्न उरला नाही.

थंडीही नको. गार डांबरावर टायर तापत नाहीत, गाड्या बर्फावर चालल्यासारख्या चालतात. नोव्हेंबरातल्या रात्री लास वेगासला संघांचा अर्धा वेळ टायर तापवण्यातच जातो.

आखाती देशांच्या शर्यती कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये. असं का?

रमजानमुळे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. 2024 मध्ये बहारीन आणि जेद्दा या दोन्ही शर्यती रमजानच्या आधी उरकायच्या होत्या, म्हणून त्या रविवारऐवजी शनिवारी झाल्या. 2025 मध्ये मार्च बराचसा रमजानात गेला, म्हणून हंगाम मेलबर्नला सुरू झाला आणि आखाती जोडी एप्रिलमध्ये गेली. आखणाऱ्याने पुढची दहा वर्षं एकदमच मांडून ठेवावीत. हे गणित कुणालाही आधी करता येतं, त्यात आश्चर्याला जागा नाही.

सामान नेमकं कसं फिरतं? क्रमाने त्यात काय फरक पडतो?

शर्यत संपते, पोडियमवर शॅम्पेन उडत असते, आणि त्याच वेळी मागे गॅरेजच्या भिंती निखळायला लागलेल्या असतात. खरोखरच्या भिंती, कारण प्रत्येक संघ आपली गॅरेजची पॅनेलं, दिवे, वायरी, पडदे बरोबर घेऊन फिरतो. चाकांच्या पेट्यांवर आकडे असतात. कोणती पेटी कोणत्या क्रमाने भरायची आणि कोणती आधी उतरवायची हे ठरलेलं असतं. ज्या गाडीने तासाभरापूर्वी शर्यत जिंकली तिचे पंख (गाडीला रस्त्यावर दाबून धरणाऱ्या पट्ट्या) आणि नाक सुटे होऊन फोमच्या खाचांत बसतात.

हे सामान तीन वाटांनी जातं. गाड्या, इंजिनं आणि रोज लागणारी यंत्रणा विमानाने. टेबलं, खुर्च्या, स्वयंपाकघर, जड अवजारं असं सहज मिळणारं पण अवजड सामान जहाजाने. त्याचे एकसारखे अनेक संच असतात आणि एक संच एका शर्यतीत वापरात असताना दुसरा कुठल्या तरी समुद्रात पुढच्या खंडाकडे निघालेला असतो. युरोपात मात्र सगळं ट्रकने.

म्हणून क्रम महत्त्वाचा. युरोपातल्या शर्यती सलग ठेवल्या तर दोन-तीन महिने ट्रकवर निभावतं. मध्येच एक अमेरिकेतली शर्यत घुसवली की अख्खा लवाजमा अटलांटिक ओलांडून पुन्हा परत. 2022 मध्ये अझरबैजानमधल्या बाकूनंतर सात दिवसांनी कॅनडातलं मॉन्ट्रियल होतं, 2023 मध्ये बाकूनंतर सात दिवसांनी मायामी. दोन्ही वेळा घड्याळात आठ तासांचा फरक. 2023 मध्येच लास वेगासची शर्यत शनिवारी मध्यरात्रीकडे संपली आणि पुढच्या रविवारी अबू धाबी, म्हणजे घड्याळात बरोबर बारा तास. सलग आठवड्यांच्या शर्यतींत सामान अडकलं तर सावरायला दिवसच उरत नाहीत. नोव्हेंबर 2021 मध्ये मेक्सिकोहून निघालेली विमानं उशिरा पोचल्यामुळे ब्राझीलमध्ये संघांना रात्रीच्या कामबंदीच्या नियमातून सूट द्यावी लागली होती.

पर्यावरणाचा हिशोबही इथेच येतो. फॉर्म्युला वनने 2018 सालासाठी काढलेल्या स्वतःच्या आकड्यांनुसार वर्षाचं उत्सर्जन 2,56,551 टन होतं. त्यात सामानवाहतुकीचा वाटा 45 टक्के, आणि ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांचा फक्त 0.7 टक्के. कॅलेंडरचा क्रम सुधारणं हा गाड्यांचं इंधन बदलण्यापेक्षा मोठा उपाय आहे, हे या आकड्यांवरून कुणालाही पटेल. जपान एप्रिलकडे आणि बाकू सप्टेंबरकडे नेण्यामागे हाच विचार होता.

ट्रिपल-हेडर, म्हणजे सलग तीन रविवारी शर्यत, एवढा वाईट का? दोन आठवडे सलग चालतात, मग तीन का नाही?

दोन आठवड्यांत माणूस थकतो, तिसऱ्यात चुकतो. पहिला ट्रिपल-हेडर 2018 मध्ये झाला: फ्रान्स, ऑस्ट्रिया, ब्रिटन. तेव्हा सगळेच म्हणाले की असं पुन्हा नको, आणि निदान ते तीन देश तरी ट्रकच्या टप्प्यात होते. 2024 मध्ये ऑस्टिन, मेक्सिको, ब्राझील असा एक तिहेरी टप्पा, मग दोन आठवडे सोडून लास वेगास, कतार, अबू धाबी असा दुसरा. हंगामाच्या शेवटी, जेव्हा माणसं आधीच थकलेली असतात आणि विजेतेपद दारात असतं, तेव्हा हा ताण का द्यायचा?

आणखी एक तोटा ट्रॅकवर दिसतो. सलग तीन आठवड्यांत कारखान्यात काही नवीन बनवून आणायला वेळच नसतो. पहिल्या रविवारी जो मागे आहे तो तिसऱ्या रविवारीही तितकाच मागे राहतो. माझ्या आखणीत ट्रिपल-हेडर नाहीच. जोड्या चालतील, पण एकाच प्रदेशातल्या आणि शक्यतो घड्याळ फार न बदलणाऱ्या.

ऑगस्टची सुट्टी हवीच का?

हवीच. सुट्टीत संघांना सलग चौदा दिवस कारखाना बंद ठेवावा लागतो. नियम सगळ्यांना सारखा असल्याने कुणी चोरून पुढे जात नाही, आणि माणसांना मुलांबरोबर एक उन्हाळी सुट्टी मिळते.

शर्यत किती वाजता सुरू व्हावी?

तिथल्या उजेडाला आणि पावसाला धरून. टीव्हीच्या सोयीसाठी घड्याळ ओढलं तर काय होतं ते 2009 मध्ये सेपांगला दिसलं. युरोपातल्या प्रेक्षकांना फार लवकर उठावं लागू नये म्हणून मलेशियातली शर्यत संध्याकाळी पाचला ठेवली. तिथे दुपार कलली की आभाळ फाटतं हे सगळ्यांना माहीत होतं. व्हायचं तेच झालं. ट्रॅकवर तळी साचली, शर्यत थांबवली, गाड्या सरळ रस्त्यावर ओळीने उभ्या, त्यांवर छत्र्या, चालक आत-बाहेर करताहेत. किमी रायकोनेन कपडे बदलून आइस्क्रीम खाताना कॅमेऱ्यात दिसला आणि ते चित्र पुढे फार गाजलं. पाऊस ओसरेपर्यंत अंधार पडायला आला होता. 31 लॅपचा निकाल धरून जेन्सन बटनला विजयी ठरवलं आणि सगळ्यांना अर्धे गुण दिले.

नियम साधा ठेवावा: दिव्यांची सोय नसलेल्या सर्किटवर शर्यतीची सुरुवात सूर्यास्ताच्या किमान चार तास आधी. तीन तासांची कमाल मुदत आणि वर एक तास हाताशी.

मोनॅको आणि इंडी 500 एकाच रविवारी, हे जपायला हवं का?

माझ्या मते, हो. मे महिन्याच्या अखेरीकडचा तो रविवार ओपन-व्हील शर्यतींचा सण आहे. आधी मोनॅकोच्या 3.337 किलोमीटरच्या गल्ल्या, मग काही तासांनी इंडियानापोलिसच्या अडीच मैलांच्या ओव्हलवर, म्हणजे अंडाकृती ट्रॅकवर, दोनशे लॅप. वेळा आदळत नाहीत, एकामागोमाग एक दोन्ही पाहता येतात. 2026 च्या कॅलेंडरमध्ये मोनॅको जूनमध्ये सरकलं आणि इंडी 500 च्या दिवशी मॉन्ट्रियल आलं. दोन्ही शर्यती उत्तर अमेरिकेतल्या, एकाच वेळच्या पट्ट्यातल्या. प्रेक्षक तोच, मग त्याला ओढाताणीत कशाला टाकायचं?

ल माँ या चोवीस तासांच्या शर्यतीचा आठवडा मात्र पूर्ण मोकळा हवा. निको हुल्केनबर्ग 2015 मध्ये ल माँ जिंकला; 2016 मध्ये त्याच रविवारी बाकूची शर्यत ठेवली गेली आणि गतविजेता ते जेतेपद राखायला जाऊच शकला नाही. यात दोन्ही खेळांचं नुकसान झालं.

सर्किटांचा क्रम कसा लावावा?

लागोपाठ दोन शर्यती एकाच प्रकारच्या नकोत. बेल्जियममधल्या स्पासारखा सात किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आणि लगेच हंगेरीतला वळणावळणाचा, अशी जोडी उत्तम, कारण एका आठवड्यात पंखांचं सगळं गणित उलटं होतं आणि आदल्या रविवारचा विजेता पुढच्या रविवारी झगडताना दिसतो. उलट शहरी रस्त्यांवरच्या तीन शर्यती ओळीने आल्या की ज्याची गाडी भिंतींमध्ये चांगली चालते तोच महिनाभर जिंकतो.

या बाबतीत इंडीकार सगळ्यांच्या पुढे आहे. 2025 च्या सतरा शर्यतींत ओव्हल सहा, कायमची रोड सर्किट सात आणि शहरी रस्ते चार. तिथे विजेता व्हायचं तर तीन वेगवेगळ्या विद्या यायला लागतात. इंडीकारची अडचण दुसरीच: हंगाम 31 ऑगस्टला संपला आणि पुढचा 1 मार्च 2026 ला सुरू झाला. अमेरिकन फुटबॉलच्या मोसमाशी टक्कर नको म्हणून हे केलं जातं आणि कारण समजतं, पण सहा महिन्यांत प्रेक्षक हातातून निसटतो. निदान सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत तरी न्यायला हवं.

शेवटची शर्यत कुठे असावी?

ब्राझीलमधलं इंटरलागोस. या उत्तरावर मी ठाम आहे.

शेवटच्या सर्किटवर दोन गुण हवेत: ओव्हरटेक करता आलं पाहिजे आणि हवेचा भरवसा नको. साओ पाउलोच्या त्या 4.309 किलोमीटरच्या वाटीसारख्या ट्रॅकवर दोन्ही आहेत. 2007 मध्ये रायकोनेनने तिथे दोन प्रतिस्पर्ध्यांना एका गुणाने मागे टाकलं. 2008 मध्ये फिलिपे मासा घरच्या प्रेक्षकांसमोर शर्यत जिंकून रेषा ओलांडून गेला, त्याच्या गॅरेजमध्ये आनंदाच्या उड्या सुरू झाल्या, आणि शेवटच्या लॅपवर, चढाच्या तोंडाशी, पावसात सुक्या टायरवर घसरत चाललेल्या टिमो ग्लॉकला लुईस हॅमिल्टनने मागे टाकलं. पाचवं स्थान, विजेतेपद, एका गुणाने. 2012 मध्ये पहिल्याच लॅपला उलटा फिरून शेवटी गेलेला फेटेल सहाव्या स्थानापर्यंत चढून विजेता झाला. 2024 च्या पावसात व्हेरस्टॅपन सतराव्या जागेवरून जिंकला.

अबू धाबीनेही थरार दिला आहे, ते नाकारणार नाही. 2021 मध्ये हॅमिल्टन आणि व्हेरस्टॅपन दोघे 369.5 अशा समान गुणांवर तिथे आले, 2025 मध्ये नॉरिसने फक्त दोन गुणांनी बाजी मारली. पण तिथे पाऊस पडत नाही, आणि 2010 मध्ये आलोन्सो पेत्रोवच्या मागे लॅपमागून लॅप अडकून पडला तो ट्रॅकमुळे. ती मांडणी 2021 मध्ये बदलावी लागली.

शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण दिले तर चुरस टिकेल का?

2014 मध्ये करून पाहिलं, कुणालाच रुचलं नाही, एका वर्षात सोडून दिलं.

स्प्रिंट, म्हणजे मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या छोट्या शर्यती, किती?

2021 मध्ये तीन होत्या, 2023 पासून सहा. मी चारवर थांबेन, आणि त्या फक्त लांब सरळ रस्ते असलेल्या सर्किटांवर. स्प्रिंटच्या आठवड्यात सरावाचं सत्र एकच मिळतं, त्यामुळे नवीन किंवा नव्याने डांबर टाकलेल्या ट्रॅकवर स्प्रिंट नको.

आलटून-पालटून सर्किट घेण्याची पद्धत चांगली की वाईट?

चांगली, पण दोन्ही बाजूंचा पाया भक्कम असेल तरच. जर्मनीत हॉकेनहाइम आणि न्युरबर्गरिंग एकाआड एक वर्ष घेत होते. 2015 मध्ये न्युरबर्गरिंगची पाळी होती, पैशाचं जमलं नाही आणि त्या वर्षी जर्मन शर्यतच झाली नाही. आता स्पाचा करारही असाच आहे: 2026, 2027, 2029 आणि 2031. स्पाला एक वर्ष विश्रांती द्यायची ही कल्पना मला सहन होत नाही. बदलती जागा नव्या आणि अधूनमधून येणाऱ्या सर्किटांसाठी असावी. जुन्यांना हात लावू नये.

आणि बदलत्या जागेत किती मौज असते ते 2020 ने दाखवलं. महामारीमुळे कॅलेंडर कोलमडलं, तरी 5 जुलै ते 13 डिसेंबर या काळात सतरा शर्यती झाल्या. मुजेलो, पोर्टिमाओ, इस्तंबूल अशा जागी, जिथे कुठल्याच संघाकडे ताजी माहिती नव्हती. ते रविवार अजून आठवतात.

फॉर्म्युला टू आणि थ्री या खालच्या पायरीवरच्या मालिकांचा विचार कोण करतो?

पुरेसा कुणीच करत नाही. 2024 मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत सप्टेंबरच्या मध्यात बाकूला झाली आणि पुढची थेट नोव्हेंबरच्या अखेरीस कतारला. विजेतेपदासाठी झगडणारी विशी-बाविशीची मुलं दहा आठवडे नुसती बसून होती. मोठ्या मालिकेच्या तारखा ठरतानाच या मुलांचे टप्पे ठरले पाहिजेत, आणि दोन टप्प्यांत पाचपेक्षा जास्त आठवडे जाऊ नयेत.

मग तुमचं कॅलेंडर दाखवाच.

2026 चे रविवार धरून मांडतो. 8 मार्चला मेलबर्न. एक आठवडा सोडून शांघाय आणि सुझुका, 22 आणि 29 मार्च. पुन्हा सुट्टी, मग बहारीन आणि जेद्दा, 12 आणि 19 एप्रिल, रमजान संपल्यावर. मायामी आणि मॉन्ट्रियल 3 आणि 10 मे. दोन्हीकडे घड्याळ एकच. मेच्या सुरुवातीला मॉन्ट्रियलला गारठा असेल, पण एका अटलांटिक फेरीच्या बदल्यात ती तडजोड मला मान्य आहे. 24 मेला मोनॅको, इंडी 500 च्या दिवशी.

इथून ट्रकचा मोसम. 7 जूनला बार्सिलोना, 14 जून ल माँसाठी मोकळा, 21 जूनला ऑस्ट्रिया, 5 जुलैला सिल्वरस्टोन, 19 आणि 26 जुलैला स्पा आणि बुडापेस्ट. त्यानंतर सलग चार रविवार शांतता. 30 ऑगस्टची जागा बदलती: एक वर्ष इमोला, एक वर्ष पोर्टिमाओ, एक वर्ष इस्तंबूल. 6 सप्टेंबरला मोंझा, तिची ती हक्काची वेळ.

मग 20 सप्टेंबरला बाकू, 4 ऑक्टोबरला सिंगापूर, 18 आणि 25 ला ऑस्टिन आणि मेक्सिको सिटी, आणि 8 नोव्हेंबरला इंटरलागोस. छत्तीस रविवारांत वीस शर्यती, सहा जोड्या, एकही तिहेरी टप्पा नाही.

लास वेगास, कतार, अबू धाबी, माद्रिद कुठे गेले? हे लोक तर सगळ्यात जास्त पैसे देतात!

देतात, आणि म्हणूनच हे कॅलेंडर उद्या अमलात येणार नाही हे मला कळतं. यजमानपदाची फी हा मालिकेच्या कमाईचा मोठा भाग आहे आणि संघांचा हिस्सा त्यातूनच जातो. चार शर्यती कमी केल्या तर पहिला फटका मागच्या रांगेतल्या संघांना बसेल. म्हणून कपात एका झटक्यात न करता करार संपतील तशी करावी, दर वर्षी एक. आखातातल्या चार यजमानांनी दोन जागा आपसांत आलटून-पालटून घ्याव्यात. तिथे चौघांकडेही पैसा आहे, त्यामुळे जर्मनीसारखं व्हायची भीती नाही.

एखादी शर्यत ऐनवेळी रद्द झाली तर?

मे 2023 मध्ये पुरामुळे इमोलाची शर्यत चार दिवस आधी रद्द केली आणि तो निर्णय बरोबरच होता. तिथल्या बचावपथकांवर आणखी भार टाकणं चुकीचं ठरलं असतं. याच्या उलट ऑगस्ट 2021 चं स्पा. लोक तीन तासांहून अधिक वेळ पावसात बसून राहिले, त्यांना सेफ्टी कारच्या (पुढे राहून सगळ्यांचा वेग आवरणाऱ्या गाडीच्या) मागून मोजके लॅप दिसले, आणि एका लॅपच्या निकालावर अर्धे गुण वाटले गेले. त्यानंतर गुणांचा नियम बदलला, पण कॅलेंडरमध्ये पर्यायी दिवस अजून आलेला नाही. इंडी 500 पावसात बुडाली तर सोमवारी घेतात, कारण तो तिथे सुट्टीचा दिवस असतो. ज्या शर्यतीच्या पुढच्या रविवारी काही नाही, तिथे तिकिटावरच सोमवार छापून ठेवावा. माझ्या मांडणीत वीसपैकी चौदा शर्यतींना ही सोय मिळते. उरलेल्या सहा म्हणजे जोड्यांमधल्या पहिल्या. त्यांच्या बाबतीत शनिवारी सकाळी हवामानाचा अंदाज पाहून वेळ अलीकडे ओढण्याचा अधिकार शर्यतीच्या संचालकाला आधीच लेखी दिलेला असावा.